बाहेरचा उतार

गुरुवारी साडेपाचला फार्मसीतली पाळी संपते.
पांढरा कोट मागच्या सीटवर टाकून
मी खाणीच्या टेकाडाशी पोचते,
तेव्हा आर्वो लाहती आलेला असतो.
फावडं, दाताळं, कॉफीचा थर्मास. सायकल नाही.
चौऱ्याहत्तर वर्षांत एकदाही बसलो नाही म्हणतो,
वाट मात्र वीतवीत ओळखतो.

क्रॉस्बीची माती लाल. लोखंडाची.
मोजे तीनदा धुतले तरी पाण्याला गंजाचा रंग,
आणि मुलगा विचारतो, आई, आज कुणाला मारून आलीस?

माझं नाव त्याला जमेना.
मृण्मयी. तीनदा प्रयत्न करून त्याने नाद सोडला.
मग अर्थ सांगितला : मातीची.
"मग मुलाखत कशाला," म्हणाला, आणि फावडं दिलं.

पहिला धडा उकिडवं बसून.
खिशातली काचेची गोटी त्याने वाटेवर ठेवली.
ती वाटेवरूनच घरंगळत निघाली, थेट वळणापर्यंत.
"वाईट. पाणीही असंच जाईल,
रस्ता आपल्यासाठीच काढलाय समजून,
आणि दोन पावसांत ओढा करून ठेवील."
(यासाठी आमच्याकडे नेमका शब्द आहे,
वाट लागणे. त्याला शिकवला.
आता दर खड्ड्यापाशी थांबून
तो गंभीरपणे म्हणतो, "वाट लॉगली.")

तर उतार द्यायचा बाहेरच्या अंगाला.
अगदी जरासा.
चाकाला कळू नये, पाण्याला कळावा.

टेकाडावरून खाली तळं दिसतं. तळं कसलं, खाणच.
पंप बंद पडले आणि पाणी चढू लागलं.
त्याच्या वडिलांचा जेवणाचा डबा खालच्या पायरीवर राहिला.
"अजून असेल," आर्वो म्हणतो, "झाकण घट्ट होतं."
त्या डब्यावर शेकडो फूट निळं पाणी,
पाण्यावर लून पक्ष्यांची जोडी,
बर्चची झाडं अगदी काठाला येऊन वाकलेली,
आणि शनिवारी मिनिआपोलिसची पोरं
आमच्या गाडीपेक्षा महाग सायकलींवरून
सुंकन येतात. आम्ही बाजूला होतो.
"थँक्स!" वळणापलीकडून ऐकू येतं.

मी सायकल शिकले सत्तेचाळिसाव्या वर्षी.
तिसऱ्या वळणावर एक पाइन आहे,
तिला मी दोनदा भेटले. एकदा खांद्याने.
"तू झाडाकडे बघतेस," मुलगा म्हणाला,
"जायचं असेल तिकडे बघ."
सांगायला काय जातं.
झाड केवढं असतं.
जायचं असतं ते अजून वळणामागे असतं.

मार्चमध्ये आर्वोची चिठ्ठी बदलली.
नव्या डॉक्टरांची सही, नवी नावं, मोठे मिलिग्रॅम.
बाटलीवरचं लेबल मीच छापते.
कोणती गोळी कशासाठी, मला कळतं.
मला कळतं हे त्याला कळतं.
"जेवणानंतर," मी म्हणते. "जेवणानंतर," तो म्हणतो.
बर्फ वितळल्यावर त्याने गोटी काउंटरवर ठेवली,
सुटे पैसे ठेवावेत तशी.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी एकटीच गेले.
पाइनच्या वरच्या अंगाला थंडीने वाट फुगून फुटली होती.
दगड काढले, मुळाची एक बोटभर जाडी तोडावी लागली,
माती ओढली, फावड्याच्या पाठीने थोपटली,
पुन्हा ओढली. डास. अंधार होत आला.
मग गोटी ठेवली.
ती हातभर सरळ गेली,
थबकल्यासारखी झाली,
वळली, आणि काठावरून खाली नेच्यांत.
मोबाइलच्या उजेडात शोधली. बराच वेळ.

शुक्रवारी तो आला. कोट सैल झाला होता.
"गोटी?"
"हरवली."
"कुठल्या बाजूला?"
"बाहेरच्या."
त्याने चष्मा पुसला, पावतीवर सही केली,
पिशवी घेतली.
दारापाशी वळून म्हणाला, "मुळाचं टोक बुजवलंस ना?"

नव्हतं बुजवलं.