बाजू ब

शांतवनकाकांनी कॅसेट काढली त्या साली
मी अकरा वर्षांची, आणि माझ्याकडे ताटली.
ताटलीवर चमचा, तोच आमचा घंटानाद.

मेकोसाबागेतल्या क्वार्टरची मधली खोली,
खिडक्यांवर गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या,
पायपेटी देवळातून "दुरुस्तीला" म्हणून आणलेली.
चाली त्याच, डिसेंबरात दारोदार म्हणायच्या.
साहेबाच्या देशातून आल्या,
कुणा पणजोबांनी मराठीत बसवल्या,
तरी शब्द अजून कुठेकुठे
आखूड चड्डीसारखे वर चढायचे.

काकांनी बर्फ काढला.
उंट काढले.
मागी लोक इटारसीच्या औटरवर अडकवले
जनरलच्या डब्यात, गंधरस मांडीवर,
आणि टीसी विचारतोय, ऊद आहे तर लगेजची पावती कुठाय.
मग पायपेटीनं एक लांब सूर धरला:

*बर्डी सारी फिरला योसेफ, लॉज सारे भरले,*
*अधिवेशन हाय ना बावा, जिन्यातबी निजले.*
*आमदाराचा पीए म्हने, माह्या पीएच्या पीएला*
*खाट भेटून नाई राह्यली, तू कोन लागून गेला?*

इथे मी हसले. माझ्या हसण्याच्या पाठोपाठ
शेजारच्या फ्रान्सिसबाईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या.
भाऊ म्हणाला, पुन्हा करू.
काका म्हणाले, राहू दे बे, स्वर्गातलं सैन्य आहे ते.

दोनशे प्रती. पंधरा रुपये.
वेष्टणावर माकडटोपी घातलेला देवदूत.
चौतीस खपल्या, त्यातल्या अकरा
बिलासपूरच्या आत्यानं घेतल्या, भावाचं मन राखायला.

पाळक उजगरेसाहेबांनी बोलावून घेतलं.
वचन काढून समोर ठेवलं.
काका म्हणाले, चष्मा घरी राहिला.
पुढची तीन वर्षं गायनमंडळात
काकांची खुर्ची होती, काका नव्हते.

बाजू अ सगळ्यांना पाठ.
बाजू ब कुणी लावलीच नाही शेवटपर्यंत,
म्हणून कुणाला कळलं नाही
की तिथे शेवटी विनोद संपतो.
काकांना सुचेना, की त्यांना तसंच हवं होतं,
मीही कधी विचारलं नाही.

*संत्रा मंडीत मारियाले हमालानं जागा देल्ली,*
*पेटीतल्या गवतावरची संत्री खाली ठेवली.*
*भाव पडला व्हता तसाबी, म्हने, निजू द्या, निजू द्या,*
*मालापरीस लेकरू हलकं, ट्रक जाते त जाऊ द्या.*

यंदा आमची फेरी मोहननगरात गेली.
उजगरेसाहेब आता पलंगावर, डावी बाजू गेलेली,
उशाशी गरम पाण्याची पिशवी, करंजीचा चुरा.
आम्ही नेहमीची दोन म्हटली. साहेब डोळे मिटून.
मग त्यांची मुलगी दारातून म्हणाली,
बाबांना ते हवंय. संत्र्यांचं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, जणू कुणाला माहीतच नाही.
मग मी सुरू केलं, ताटलीशिवाय.
साहेबांची उजवी दोन बोटं पांघरुणावर ताल धरून.
"देल्ली"ला बोटं थांबली.
जड जिभेनं म्हणाले, दिली. दिली म्हणा.
मारियाले नाही, मारियाला.

आम्ही दुरुस्त करून म्हटलं.
ओळ लंगडली, चाल पुढे निघून गेली,
आम्ही मागे सामान सांभाळत.
साहेबांनी बोटं उचलली:
असू द्या. तुमचं होतं तेच म्हणा.

त्यांनी ते कधी ऐकलं, कुठल्या यंत्रावर,
दार लावून की उघडं ठेवून, कोण जाणे.
चौतिसांतली एक.

काकांना सांगायला हवं होतं.
घरी येऊन कॅसेट काढली, पेन्सिलीनं फीत ताणली,
तर ती तुटली, बरोबर त्या जागी.
नेलपॉलिशनं जोडली. बोटभर फीत गेली.
आता पीए विचारतो, तू कोन
आणि लगेच कुकर.
माझं हसणं तेवढं गेलं मधून.