अधलं अक्षर

सेरियात कपडे वाळत नाहीत.
तेजहांगचे हिरवे-मातकट गणवेश
तीन तीन दिवस तारेवर लोंबतात, तरी
खिशांच्या शिवणीत जंगल ओलंच राहतं.
कुंपणापलीकडून झुरैदा ओरडते,
"नवऱ्याला आत घे, आभाळ आलंय!"
तिचंही बरोबर आहे.
दोन वर्षांत तिने त्याला
तारेवरच जास्त पाहिलाय.

तो आत जंगलात असतो. सहा आठवडे, कधी आठ.
"काय करतो तिथे?" तिने पहिल्याच महिन्यात विचारलं.
माझं मलय तेव्हा बाजारापुरतं होतं :
मासे, भाव, जास्त, कमी.
मी म्हटलं, "लपायला शिकवतो."
"कोणापासून?"
तो शब्द मला अजून सापडलेला नाही.

तिने मला आंबुयात खायला शिकवलं.
सागोची पांढरी खळ,
बांबूच्या बेचक्याला गुंडाळायची,
आंबट रश्शात बुडवायची
आणि चावायची नाही.
मला ताप्लेजुंगचा ढिंडो आठवला,
चुलीपुढे आईचं ओरडणं : दात लावू नकोस, गीळ.
फोनवर सासूबाई विचारतात, तिथली माणसं कशी आहेत?
मी म्हणते, आपल्यासारखीच. गिळणारी.

झुरैदाचे सासरे, आवांग मेतुसिन,
चवळीच्या वेलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसत.
पाठ माझ्या घराकडे.
समोरच्या गवतात तेलाचा पंप
दिवसभर वाकायचा, उठायचा,
जणू रस्त्यावरच्या प्रत्येकाला ओळखतो.
हे मात्र मान हलवत नसत.
दोन वर्षं मी त्यांच्या पाठीलाच सलाम करत आले.

परवा झुरैदा बेलाइतला गेलेली.
नाल्यातून घोरपड सरपटत गेली, मी दचकून ओरडले,
तेव्हा ते पहिल्यांदा वळले.
घोरपडीबद्दल काहीच बोलले नाहीत.

"बासष्ट साल," म्हणाले. "मी नऊ वर्षांचा. पलंगाखाली.
दादाला बाहेर नेलं होतं.
मग तुझ्यासारख्या चेहऱ्याचा एक शिपाई
वाकून माझ्याकडे बघत काहीतरी बोलला.
तुमच्या भाषेतलं असणार. काय म्हणाला?"
आणि त्यांनी तो शब्द काढून दिला,
साठ वर्षं तोंडात ठेवून झिजलेला :
न, मग नुसता श्वास, मग रा. किंवा ला.
दात नसल्यावर दोन्ही सारखेच.

नडरा असेल. घाबरू नकोस.
किंवा नचला. हात हलवू नकोस.
दोन्हींमध्ये फरक एका अधल्या अक्षराचा,
त्या अक्षरात बंदुकीची नळी
खाली होती की वर, ते.

मी वेलाच्या शेंगा बघत राहिले.
मग मलयमध्ये म्हटलं, "घाबरू नकोस, असं म्हणाला तो."
शब्द नीट आले. बाजारातले नव्हते, तरी आले.

ते बराच वेळ गप्प.
"दादा चार वर्षांनी आला," म्हणाले,
आणि खुर्ची थोडी फिरवली.
माझ्याकडे नाही. रस्त्याकडे.

शुक्रवारी रात्री तेजहांग आला.
पोटऱ्यांवर जळवांचे डाग,
जेवता जेवता डोळे मिटत होते.
विचारायचं होतं :
दार उघडलं, आत पलंग, पलंगाखाली पोर,
तर तुम्हाला काय म्हणायला शिकवतात?
भात वाढेपर्यंत तो जमिनीवरच झोपला.
उजव्या हाताची दोन बोटं झोपेत हलत होती.
मी बघत बसले, धरली नाहीत.

सकाळी गणवेश धुतले.
कुंपणाकडच्या तारेवर नाही घातले.
घरामागे घातले, पाण्याच्या टाकीजवळ,
जिथे ऊन पोचतच नाही.

झुरैदा वेलातून डोकावली.
"नवरा आला नाही अजून?"
"आलाय," मी म्हटलं.
"मागे आहे. वाळतोय."