दाबलं की सुटतं

माधवनगर रोडला, हळदीच्या गोदामाच्या पाठीमागे
दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज.
पोती उतरत असली की आमचं ग्रीससुद्धा पिवळं पडतं.
त्या दिवशी मात्र हळदीला मागं सारून
आधी जळक्या क्लचचा वास आला,
मग टोचन लावलेली जिनेंद्र मगदूमची गाडी.

"रेसची प्लेट होती चाचा. तीन दिवस टिकली."

चाचा बोलले नाहीत. मला खूण केली.
मी गिअरबॉक्स उतरवला.
फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग,
साचल्या पाण्यावर डिझेलचा थेंब पसरावा तसे.
चाचांनी त्यावरून नख ओढलं.
"गावात फिरवलीस?"
"स्टेशन चौकात जरा ट्रॅफिक..."
"म्हणजे हाफ क्लच."
डॉक्टर "म्हणजे तंबाखू" म्हणतात ना,
त्याच आवाजात.

मग त्याला उपड्या डब्यावर बसवून
चहाच्या दोन बशा घेतल्या.
"ही इंजिनाची. फिरतच असती.
ही चाकांकडची. हिला कुणीतरी ओढून न्यावं लागतं.
मधी हे फडकं.
साध्या गाडीचं फडकं मऊ. आधी सरकतं,
मग हळूच धरतं. पोटात स्प्रिंगा असत्यात,
धक्का गिळायला.
तुझ्या प्लेटीला स्प्रिंग न्हाई, गादी न्हाई,
तांब्याच्या भुकटीचे भाजून केलेले नुसते तुकडे.
धरलं तर धरलं, न्हाईतर न्हाई.
मधलं काय तिला कळत न्हाई."

"मग रेसवाले असली का घालतात?"

"लहान थाळी, हलकी थाळी. गिरकी लगेच थांबती,
गिअर लगेच पडतो.
थाळी लहान, म्हणून एकीच्या जागी दोन.
आणि दोघींना आवळायला ही—"
असं म्हणून डायफ्राम त्याच्या मांडीवर ठेवला.
पोलादी पाकळ्यांचं फूल, वजनदार.
"हिच्या मधोमध दाबलं की कड उचलती.
सगळ्यांना वाटतं, पाय दाबला म्हणजे काहीतरी धरलं.
उलटं हाय. दाबलं की सुटतं.
धरायला कुणाचा पाय लागत न्हाई,
सोडायला लागतो."

जिनेंद्र त्या पाकळ्या बोटानं वाकवून बघत होता.
वाकत नव्हत्या.

फ्लायव्हील कुपवाडला नेऊन फेस मारून आणलं.
नव्या प्लेटी. फडक्यानं पुसलेल्या,
बोटाचा ठसासुद्धा उठू द्यायचा नाही.
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.
हे मी केलं. चाचांनी फक्त मोजले,
आणि एक परत मोजला.

आता ट्रायल. चाचा गाडीकडे गेले, दार उघडलं,
आणि तिथंच थांबले.
त्यांचा डावा गुडघा गेलाय. उजवा अजून पोरासारखा.
चाळीस वर्षं लोकांचे क्लच
त्या एकाच पायानं ऐकले.
"तू बस," म्हणाले, आणि वळसा घालून
दुसऱ्या बाजूला गेले.

पेडल म्हणजे भिंत.
माझी मांडी थरथरली, सोडलं,
गाडी एक उडी मारून मेली.
हळदीचे हमाल पोती टेकून बघायला लागले.
दुसऱ्यांदा मेली. एकानं शिट्टी मारली.
"पायानं शोधू नकोस. अंगठ्याएवढी जागा हाय.
पार्श्वभागाला कळती ती."
असलं ते माझ्याशी कधी बोलत नाहीत.

तिसऱ्यांदा खालून खरखर आली,
मग आली ती जागा, आणि आम्ही निघालो.

दंडोबाच्या चढाला एक ट्रॅक्टर मागं येत होता,
उसानं लादलेला, आणि मला थांबावं लागलं.
गाडी वीतभर मागं सरली.
ट्रॅक्टरवाला ओरडला. चाचा गप्प.
मी रेस वाढवली, पाय उचलायला सुरुवात केली
आणि नजर चुकून खाली गेली.

चाचांचा डावा पाय, जिथं पेडल नाही तिथं,
मॅटवरून सावकाश उठत होता,
माझ्यापेक्षा जरासा आधी.

संध्याकाळी जिनेंद्र किल्ली मागायला आला.
चाचांनी ती खिशातच ठेवली.
"पाचशे किलोमीटर ती चालवंल.
तवर तू रिक्षानं जा."