उरलेली लोकर

एका जोडीला चार औंस.
पीरोजबाई तराजूत खाकी लोकर ठेवत
आणि मी वहीत उतरवी:
नाव, गेलेलं वजन, आलेलं वजन.
सोळाव्या वर्षी माझं अक्षर बरं होतं,
म्हणून ठाकूरद्वारच्या शाळेच्या माडीवर
सरकारच्या लढाईचा एवढा हिशेब
माझ्या वाट्याला आला.

दर शुक्रवारी बायका जमत.
एक डॉक्टरीण, दोन मास्तरणी,
मंगळागौरीला जमाव्यात तशा बऱ्याच जणी,
आणि मथुराबाई त्रिलोकेकर,
जिचा मुलगा इजिप्तच्या वाळूत
फौजेच्या मोटारी दुरुस्त करीत होता.
भिंतीवर बादशहाची तसबीर.
तिच्याकडे पाठ येईल असं एकच बाकडं होतं,
त्यावर बसायला ढकलाढकली होई.

ऑगस्ट आला.
बकुळ राजाध्यक्ष त्या शुक्रवारी आली नाही.
तिचा अर्धा मोजा चार सुयांवर तसाच,
पाय शोधत असल्यासारखा.
आर्थर रोडहून निरोप आला:
ठीक आहे. रात्री लादी गार लागते.

कुणी ठराव मांडला नाही.
सूचक नाही, अनुमोदक नाही.
फक्त पुढच्या खेपेपासून
प्रत्येक जोडी अर्धा औंस
कमी भरू लागली.

तूट कशी भरायची ते समुद्रानं शिकवलं.
मोजे रात्रभर गच्चीवर पसरायचे,
चौपाटीची हवा लोकरीत उतरते.
सकाळी चाराला चार.
नाहीच भरले तर तांब्यातलं पाणी,
बोटांनी शिंपडून,
नैवेद्याभोवती फिरवतात त्याहून थोडं जास्त.

उरलेली लोकर आमच्या चुलीवर
हिरड्याच्या काढ्यात, गंजक्या खिळ्यांसोबत उकळे.
खाकी मरे, काळी निघे.
डब्यात खाली मोजे, वर भाकरी,
आणि अंगठ्याच्या टोकाशी
विडीएवढी कागदाची सुरळी.
काय लिहिलेलं असे ते मी वाचत नसे.
खोटं. वाचत असे.

एकदा पीरोजबाईंनी तोललेला मोजा
मुठीत धरून दाबला.
थेंब पडला तो माझ्या वहीवर.
शाई पसरली, नाव वाहून गेलं.
सुया थांबल्या.
खाली ट्रामची घंटा वाजली, ती सगळ्यांनी
शेवटपर्यंत ऐकली.
“मुंबईची हवा,” पीरोजबाई म्हणाल्या,
आणि पुढची जोडी मागितली.
त्या आमच्या होत्या की नुसत्या दमल्या होत्या,
ते आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही.

मग इजिप्तहून पत्र आलं.
मथुराबाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं,
सेन्सॉरनं काळं केलेलं सोडून.
मी खुशाल आहे. खजूर स्वस्त आहेत.
मुंबईचे मोजे मिळाले, आई,
टाचेला फार विरळ आहेत.

वर कुणी बघितलं नाही.
एक टाका सुटला, कुणाचा ते कळलं नाही.
मथुराबाईंनी पत्र घडी घालून
पोलक्यात ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी त्या उघड्या खांद्यांनी आल्या.
माहेरची जांभळी शाल उसवून
तिचा गुंडा केला होता.
सगळ्या मोज्यांच्या टाचा त्यांनी मागून घेतल्या
आणि दुहेरी विणल्या,
खाकीत जांभळं,
नियमात न बसणारं.
पीरोजबाईंनी चष्मा वर केला.
“हे काय?”
“टाच,” मथुराबाई म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं: चार औंस.
काटा साडेचारवर होता.

जाताना जिन्यात त्यांनी
ठरलेला अर्धा औंस
माझ्या परकराच्या ओच्यात टाकला.
“बकुळचा पाय लहान आहे,” म्हणाल्या,
“चाळीस टाके पुरतील.”