शेळगीचा लेआउट

नकाशावर प्लॉट चौकोनी.
उतार कुणी काढलाच नव्हता.

सायबण्णा म्हैत्रे पट्टी धरून उभा,
मी दुर्बिणीतून आकडे वाचतोय.
म्हणाला, "सायेब, हे लाइटीचे खांब
का कललेत, बघा की.
खाली सात फूट चिकण हाय.
मुरूम तिकडं, टेकाडाला."

एप्रिलात इथल्या भेगेत
हात कोपरापर्यंत जातो.
आणि भाद्रपदात हीच काळी
फुगून पाया उचलते,
दार चौकटीत अडकून बसतं.

गटाराची रेघ मी मारली होती
रस्त्याच्या कडेनं, सरळ.
सायबण्णानं टाचेनं दुसरी ओढली,
वाकडीतिकडी.
"वडा हितनं जायचा."

एकोणीस, वीस, एकवीस:
तिन्ही नंबर विकलेले.

मी पट्टीवरचा आकडा
पुन्हा वाचला.

तोच आला.