प्रश्न क्रमांक चौदा

फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते.
पलीकडं मॉरीन हॅडली, सरकारी तपासनीस,
वाऱ्यानं अर्धा आवाज पळवलेला:
हेरफर्डजवळचं शेत, स्ट्रॉबेरी, प्लास्टिकचे बोगदे,
किरगीझ बोलणारं कोणीतरी हवंय, अर्धा तास.
मी गॅस बंद केला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं:
ऐकेन तेवढंच सांगेन,
पदरचं घालणार नाही, पोटात ठेवणार नाही.

त्याचं नाव तालान्तबेक. वय एकतीस.
गाव ओशच्या वरच्या अंगाला,
माझ्या आईच्या माहेरापासून एक खिंड अलीकडं.
हे मी बोलले नाही. विचारलं नव्हतं कुणी.

पासपोर्ट कुणाकडे असतो?
माझ्याकडे.
करार तुमच्या भाषेत मिळाला?
मिळाला.
सही करण्याआधी की नंतर?
विमानात.
कॅरव्हॅनमध्ये किती जण?
सहा.
गरम पाणी?
असतं. पहाटे पहिल्या दोघांना.

मॉरीनचं पेन कागदावर कुरकुरत होतं,
लेस्टरच्या माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येईल इतकं.
सावकाश लिहिते ती. मला आवडते म्हणून.

मग चौदावा.
ही नोकरी मिळावी म्हणून तुम्ही कुणाला पैसे दिलेत का?

प्लास्टिक ताडताड वाजलं.
ट्रॉलीचं एक चाक तेल मागत गेलं.
कुणीतरी खोकलं,
तालान्तबेक नव्हे, पण त्याच्या फार लांबचंही नव्हे.
नाही, तो म्हणाला.
नाही, मी म्हणाले.
घोडं इथंच पेंड खात होतं,
आणि खोकल्याचं भाषांतर करायचं नसतं.

नियम चांगला आहे. त्याचं पत्रक मीच केलंय आमच्या भाषेत:
कामगाराकडून भरतीचा एक पैसाही घेता येत नाही.
निळा कागद, खाली फोन नंबर, मोफत.
'मोफत'पाशी मी दोन दिवस अडले होते.
आमच्याकडं तो शब्द ऐकला
की माणसं आधी खिसा चाचपतात.

एजे, तो अचानक म्हणाला, ताई म्हणतात तसं,
हे ती विचारतेय की तुम्ही?
मी मॉरीनला सांगितलं: तो म्हणतोय, एजे,
हे ती विचारतेय की तुम्ही.
वारा. मग मॉरीन, माझ्याशी नाही, तिसऱ्याशीच:
मिस्टर प्रॉसर, जरा फाटकापर्यंत जाऊन येता का?
नाही, माझ्याबरोबर नाही. एकटे.
चिखलातून बूट उपटत गेल्याचा आवाज,
बराच वेळ, कारण फाटक लांब असावं,
किंवा पाय जड.

हो म्हटलं तर मला परत पाठवतील?

मी विचारलं.
तसं होणार नाही असं वचन मला देता येत नाही, मॉरीन म्हणाली,
पण मी लिहून घेईन, आणि ते वाचलं जाईल.
हे वाक्य आमच्या भाषेत दोन तऱ्हांनी सांगता येतं.
एकात ऊब आहे.
मी दुसरं सांगितलं.
जिभेवर कांद्याची चव होती.

तो हसला बहुतेक. की नाक ओढलं.
घोडी होती एक, म्हणाला. दुभती. तपकिरी.
ती विकली, आणि ओशच्या माणसाला दिले.
पावती?
त्यानं हात मिळवला होता.

घोडी, मी म्हणाले, दुभती, तपकिरी.
तपकिरी लिहायची गरज नव्हती,
पण पेन तेवढा वेळ चाललं.
पौंडात किती होतील, मॉरीननं विचारलं,
रकान्यात आकडा लागतो.

मी त्याला विचारलं.
तो हिशेब करू लागला, मोठ्यानं,
बाजाराचा भाव, दलालाचा वाटा,
आणि मध्येच थांबला:

शिंगरू धरून, की सोडून?