तीन गुण

जुलैचा शेवटचा मंगळवार. टोपीकापर्यंत
गाडी मी चालवली. वर्लीन मागच्या सीटवर
गहाणखताचे नियम पुटपुटत होती,
आरशात नुसते ओठ हलताना दिसायचे.
बावीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई,
त्या दिवशी म्हणाली, चाक तू धर.

सकाळी दोन फायली: नसलेल्या राज्यातले
नसलेले अशील, आणि त्यांच्यासाठी
दीड-दीड तास खरीखुरी काळजी.
दुपारी सहा निबंध, अर्ध्या अर्ध्या तासाचे.
रात्री मोटेलात सूप प्यायली,
मीठ होतं का विचारलं तर सांगता येईना.

बुधवारी दोनशे प्रश्न, चार-चार पर्याय,
गोल काळे करत जायचे.
त्यातले पंचवीस मोजतच नाहीत,
पुढच्या परीक्षांसाठी चाखून बघतात फक्त.
कुठले पंचवीस, ते लिहिणाऱ्याला कळत नाही.
एका विहिरीच्या भांडणावर तिची सात मिनिटं गेली,
ते त्यातलंच असेल.
आईच्या आजारपणात आम्ही आळीपाळीनं जागलो,
त्यातल्या तरी कुठल्या रात्री धरल्या गेल्या
कोण जाणे.

मग कच्चे गुण शिजायला पडतात.
पेपर जड होता की हलका, ते बघून आच कमी-जास्त.
निम्मं वजन गोलांचं, तीस टक्के निबंधांचं,
उरलेलं त्या दोन फायलींचं.
ताट चारशेचं.

सप्टेंबरात आकडा आला: दोनशे त्रेसष्ट.
कॅन्ससची सनद दोनशे सहासष्टला.
मिसूरीत दोनशे साठ पुरतात.

माझं टायरचं दुकान स्टेट लाइन रोडवर.
अलीकडे कॅन्सस, पलीकडे मिसूरी,
मधे पिवळी रेघ, तीही पुसट झालेली.
वर्लीन कागद हातात घेऊन बाहेर उभी होती.
सिग्नल पडला तशी रस्ता ओलांडून गेली,
समोरच्या लॉन्ड्रीच्या पायरीवर चढली
आणि ओरडली,
"इथून वकील दिसते का रे मी?"

मधून एक ट्रक गेला.
दिसतेस, म्हणालो मी. तिला ऐकू गेलं नसावं.

तिकडे तिला कुणी अडवणार नव्हतं.
गुण पाठवायचे, फी भरायची, शपथ घ्यायची.
पण घर रिकामं करायची नोटीस
ओपल टिमन्सला आली आहे,
आणि ओपलचं घर माझ्या दुकानामागे,
अलीकडे.

पुढच्या सिग्नलला ती परत आली.
हवेच्या पंपाशी बसून
फेब्रुवारीचा फॉर्म भरायला
माझंच पेन मागितलं.